गोत विचारून मिळालेला भाऊ

आम्हा लभाणांत, म्हणजे बंजाऱ्यांत, दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देता देताच गोत विचारतात. नाव मागाहून विचारलं तरी चालतं. गोत कळलं की हा माणूस आपला कोण लागतो ते ठरतं. आपल्याच गोताचा निघाला तर भाऊ, मग त्याला चुलीपर्यंत वाट मोकळी. दुसऱ्या गोताचा निघाला तर तो मुलगी देण्याघेण्यातला, त्याने बाहेरच बसायचं. लोकांना याची गंमत वाटते. वाटू दे. आमचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर उभं असतं.

आडनावावरून कळत नाही का गे, असं मला धारगळला मुलांच्या शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं होतं. कसलं आडनाव घेऊन बसलात! आमचे लोक घाटावरून गोव्यात खाणींवर आले तेव्हा सगळ्यांचं आडनाव एकच लिहिलं गेलं, लमाणी. घरात कोणी राठोड, कोणी पवार, कोणी चव्हाण, पण शाळेत आणि रेशनवर सगळे लमाणी. मास्तरांनी हजेरीला लमाणी म्हटलं की अर्धा वर्ग ओ द्यायचा, मग मास्तर चिडायचे. खरं गोत, आणि त्या गोताची फांदी, जिला आम्ही पाडा म्हणतो, ती कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त तोंडात होती.

माझा बा म्हणायचा, म्हणूनच गोतावर कोणी खोटं बोलत नाही. पोटासाठी माणूस काय वाट्टेल ते सांगेल, पण गोत खोटं सांगणार नाही. कारण गोत खोटं सांगितलं तर भावाबहिणीचं लग्न लागायचं, आणि याहून मोठं पाप आमच्यात नाही. बाचा यावर देवासारखा विश्वास होता. त्या विश्वासानेच माझं वाटोळं केलं, हे आज स्पष्टच सांगते.

आम्ही राठोड. शिरगावच्या खाणीजवळ आमच्या लोकांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. आई मी लहान असतानाच गेली. घरात बा आणि मी, दोघंच. बा आधी खाणीत दगड फोडायचा, पुढे खनिज वाहणाऱ्या टिपरवर लागला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या कपड्यांतून, कानांतून, भुवयांतून लाल माती निघायची. ते कपडे धुऊन धुऊन माझी बोटंसुद्धा लाल झालेली असायची.

मी सोळा-सतरा वर्षांची असेन. एका दुपारी तो आला. खांद्याला पिशवी, पायात चप्पल नाही, घाटावरून काम शोधत आलेला. बा दारातच विडी ओढत होता. त्याने मला पाणी आणायला सांगितलं आणि तांब्या पुढे करता करता विचारलं, "गोत?"

"राठोड."

"पाडा?"

त्याने आमचाच पाडा सांगितला. बा सावरून बसला. तांडा कुठला, तिथला नायक म्हणजे प्रमुख कोण, कुणाचं घर कुणाला लागून, सगळं विचारत गेला आणि हा न अडखळता सांगत गेला. शेवटी बा उठला आणि त्याने त्याला छातीशीच धरलं. मला म्हणाला, "बघतेस काय नुसती? भाऊ आला गे तुझा! भाकरी टाक."

मी भाकरी टाकली. तो त्या दिवसापासून आमच्याच खोलीत राहिला. दुसऱ्या गोताचा असता तर वयात आलेली मुलगी ज्या घरात आहे तिथे त्याला बाने एक दिवसही ठेवलं नसतं. पण भावाला कोण अडवणार? बाने त्याला टिपरवर क्लीनर म्हणून लावलं, पुढे गाडी शिकवली, जेवताना स्वतःच्या ताटातला मासा उचलून त्याच्या ताटात ठेवला. बाला मुलगा नव्हता ना. दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला सगळ्या खोल्यांसमोर ओवाळलं. बायकांनी गाणी म्हटली, आमच्या नायकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे आता त्यात काही शंकाच उरली नाही.

आणि मला तो आवडायचा. भाऊ म्हणून नाही. आता पन्नाशी आली, आता कसली लाज धरू? गाडीचा हॉर्न ऐकला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची. त्याचा शर्ट धुताना मी उगीच वेळ लावायची. एकदा देवीच्या जत्रेत त्याने सगळ्या मुलींना मोगऱ्याचे गजरे घेतले, मलाही घेतला. माझा मी उशाखाली ठेवला, तो काळा पडला तरी टाकवेना. मग स्वतःचीच किळस यायची. मला वाटायचं, जगात माझ्यासारखी सडकी मुलगी दुसरी नसेल. सख्ख्या गोताच्या भावाकडे अशी बघते! मी देवीपुढे नाक घासलं. सोमवार धरले. विहिरीवर मुली एकमेकींना पोरांवरून चिडवायच्या, तेव्हा मी घागर अर्धी भरूनच निघून यायची, न जाणो माझ्या तोंडावर काही दिसेल म्हणून. कुणाला सांगणार होते? आई असती तरी सांगितलं नसतं.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा बा म्हणाला, पवारांत द्यायची. आमच्या घरच्या मुली पूर्वीपासून पवारांतच जात आलेल्या. धारगळचं स्थळ आणलं ते या भावानेच. मुलगा पवार, टिपरवर ड्रायव्हर, त्याच्याहून थोडा लहान. तोच बोलणी करायला गेला, तोच भाऊ म्हणून पुढे बसला. ठरलं त्या दिवशी मी खोल्यांच्या मागे जाऊन रडत बसले होते. तो शोधत आला आणि म्हणाला, "रडतेस कशाला गे? धारगळ काय परमुलखात आहे? एका बसची तर वाट."

मी डोळे पुसले आणि लग्न केलं.

नवरा वाईट नाही. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की छळ झाला. छळ नाही, काही नाही. शांत माणूस. गाडी चालवून चालवून कंबर गेली, आता घरीच असतो. मी हायवेला ऑम्लेट-पावाचा गाडा टाकला, त्यावर आमचं चालतं. पण एक सांगू? मी या माणसाच्या संसारात कायम पाहुण्यासारखीच राहिले. पहिली काही वर्षं तर मनात एकच, आपण पापी आहोत, आणि याच्या पदरात पडलोय. त्याने प्रेमाने काही आणलं तरी मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

तो मात्र भावासारखा भाऊ राहिला. दर भाऊबीजेला साडी घेऊन यायचा. बा गेला तेव्हा मुलगा म्हणून अग्नी त्यानेच दिला. त्याने लग्न केलं ते आपल्या गावाकडे. घाईत उरकलं म्हणाला, इकडचं कुणीच गेलं नव्हतं. बायको आणली ती चव्हाणांची. आम्ही म्हटलं, बरं झालं, राठोडांना चव्हाण चालतात. ते सगळं किती हिशेबाने केलेलं होतं ते आत्ता कळतं. त्याला मुलगी झाली. सुट्टी लागली की ती माझ्याकडे धारगळला यायची, गाड्यावर पाव कापून द्यायची, कढईतली भजी पळवायची, आणि दिवसभर आत्या, आत्या, आत्या. मला दोन्ही मुलगेच. मुलीची हौस मी तिच्यावरच फेडली.

मागल्या वर्षी, भर दुपारी, तो गाड्यावर आला. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "पोरीचं ठरवतोय."

"अरे वा! आणि हे तू मला आत्ता सांगतोस? कुणाकडे?"

त्याने माझ्या चुलत भावाच्या मुलाचं नाव घेतलं. डिचोलीला औषधांच्या फॅक्टरीत दोघं एकत्र कामाला आहेत, तिथेच जमलं म्हणाला. मला हसूच आलं. "शुद्धीवर आहेस ना? तो राठोड. तू राठोड. भाऊबहीण झाले ते! पोरीला काही कळत नसेल, तुला तरी कळतं का नाही?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी राठोड नाही गे."

"म्हणजे?"

"मी पवार. आमच्या तांड्यात निम्मी घरं तुमच्या पाड्याची होती, त्यांच्या पोरांबरोबर मी वाढलो, म्हणून सगळं ठाऊक होतं. तेव्हा दोन दिवस पोटात काही नव्हतं. खाणीवर कुणीतरी सांगितलं की इथले राठोड आपल्या माणसाला घरात घेतात. तुझ्या बाने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. मग ते तसंच राहिलं."

तसंच राहिलं! जसं काही उंबऱ्यात छत्री राहिली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात कालथा होता, तो मी कढईत आपटला. तेल उडालं माझ्याच हातावर, ते कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "माझ्या बाने तुला ताटातलं दिलं. तू त्याला अग्नी दिलास. आणि तू राठोड नाहीस?"

"त्यात काय एवढं? मुलासारखंच केलं ना मी सगळं?" तो म्हणाला. खरंच असं म्हणाला. थोडा हसलासुद्धा.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. शेवटी विचारलं, "आणि माझं? माझ्या लग्नाच्या वेळी तुला काही कळत नव्हतं?"

"तुझं काय?" तो म्हणाला. "तुझं तर चांगलंच झालं."

मग त्याने कशासाठी आलाय ते सांगितलं. मुलाकडच्यांनी त्याच्या गावाकडे फोन करून खात्री केली होती, तो पवारच निघाला. पण आमचा नायक, तोच म्हातारा ज्याने भाऊबीजेला त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, अडून बसला. म्हणाला, रक्ताने नसेल, पण राठोडांच्या लेकीने त्याला आपल्या सगळ्यांसमोर ओवाळलंय. ती भाऊ म्हणते तोवर तो भाऊ आणि त्याची पोरं आमची पोरं. हे लग्न होणार नाही. तिने बैठकीत येऊन सांगितलं की हा माझा भाऊ नाही, तरच वाट मोकळी.

"तेवढं एक वाक्य येऊन बोल," तो म्हणाला. "रविवारी."

मी त्याला हाकलून दिलं. तोंडाला येईल ते बोलले, हायवेवरून जाणारे बघत होते. केसाने गळा कापला माझा, आणि वर म्हणतो एक वाक्य बोल! मी ठरवलं, जात नाही. बस बोंबलत. खोट्याचं भोगू दे त्यालाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कंबर धरत उठून बसला, विचार करून म्हणाला, "म्हणजे तो आमच्यातला निघाला? पवार?" आणि त्याला चक्क आनंद झाला! इतकी वर्षं मेव्हणा म्हणून ज्याचे पाय धुतले तो भाऊ निघाला, याची त्याला गंमत वाटत राहिली. मी उठून मागीलदारी गेले. तिथे एक विचार आला तो मग जाईचना. तो पवार. मला पवारांत द्यायची होती. स्थळ घरातच होतं, आमच्याच चुलीपाशी जेवत होतं. मी कसलंच पाप केलं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. मी ज्या मुलीला सडकी म्हणत राहिले ती साधी, चांगली मुलगी होती, आणि हे सांगू शकणारा माणूस तिच्या समोर बसून तिने टाकलेली भाकरी मोडत होता.

शनिवारी पोरगी आली. ड्यूटी टाकून, फॅक्टरीच्या गणवेशातच. गाड्याशी उभी राहिली, काही मागितलं नाही, रडली नाही. नेहमीसारखी सुरी घेतली आणि पाव कापायला लागली. कापता कापता म्हणाली, "आत्या, तू नाही आलीस तरी मी तुझ्यावर रागवणार नाही. पण मला तोच हवा."

पावाचे तुकडे वाकडेतिकडे पडत होते. मी सुरी काढून घेतली. मी म्हटलं, "बोटं कापशील. घरी जा. येते मी."

त्याच्यासाठी नाही गेले. हे त्यालाही सांगितलंय आणि इथेही सांगते. घरातल्या घरात मन मारून जगणं काय असतं ते मला ठाऊक होतं, ते त्या पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं.

बैठक त्याच पत्र्याच्या खोल्यांपुढे होती. खाण कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली, तरी तिथल्या मातीचा रंग गेलेला नाही. सतरंज्या टाकलेल्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे नायक खुर्चीवर. आता नीट दिसत नाही त्याला. नवरा माझ्याबरोबर आला होता. पोरगी आपल्या आईला बिलगून बसलेली, आणि तो समोर, मान खाली.

नायकाने मला उभं केलं. "तू याला ओवाळलंस?"

"ओवाळलं."

"किती वर्षं?"

"लग्नाआधीपासून आत्तापर्यंत. एकही दिवाळी चुकली नाही."

"मग हा तुझा कोण?"

मला वाटलं होतं, फाडकन बोलून मोकळी होईन. रागच तेवढा होता. पण तोंड उघडलं आणि देवी आठवली. आयुष्यभर मी एकाच गोष्टीसाठी झुरले होते, हा आपला भाऊ नसता तर. देवीपुढे तेच मागितलं होतं. आणि आता सगळे लोक मला तेच बोलायला सांगत होते, कशाला, तर त्याच्या मुलीच्या लग्नासाठी. मी तिच्याकडे बघितलं. तिने आईचा हात घट्ट धरला होता.

"कोणी नाही," मी म्हटलं. "हा माझा भाऊ नाही. माझ्या बाने चुकून घेतला होता."

बायकांत कुजबुज झाली. नायकाने मान हलवली आणि हात वर केला. "झालं. वाट मोकळी. लग्न धरा." कुणीतरी टाळी वाजवली. पोरगी उठली आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. आता मला काय म्हणायचं ते तिला कळेना, तिच्या तोंडातून नुसताच आवाज निघाला. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

नायक बसल्या जागेवरून नाती मोजतच होता. आमच्यात हे लगेच करावंच लागतं. एक नातं काढलं की बाकीची सगळी हलतात, ती तिथल्या तिथे बसवून द्यायची, नाहीतर लग्नात कुणी कुठे उभं राहायचं तेच कळत नाही. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तू पवार, हाही पवार. हा वयाने मोठा. म्हणजे हा तुझा थोरला भाऊ आणि हिचा जेठ. पोरी, डोक्यावर पदर घे."

जेठासमोर आमच्यात बाई तोंड उघडं ठेवत नाही. मी पदर ओढला, नाकाच्या खालपर्यंत. चहा फिरायला लागला, लोक उठून गप्पा मारायला लागले. मला खाली फक्त लाल माती आणि लोकांचे पाय दिसत होते. एक जोडी पाय माझ्यापुढे येऊन थांबले.

"तू खोल्यांच्या मागे रडत होतीस ना," तो अगदी हळू म्हणाला, "तेव्हा मला कळलं होतं. कशासाठी ते. त्याआधीपासूनच कळत होतं. बोललो असतो तर तुझ्या बाने घराबाहेर काढलं असतं. मला जायला दुसरी जागा नव्हती. म्हणून धारगळचं स्थळ आणलं. लवकर उरकावं म्हणून."

पदराआड माझं सगळं तोंड भिजलं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "काहीतरी बोल गे. शिव्या दे हवं तर."

मी बोलले नाही. तो तिथेच उभा राहिला, वाट बघत. मीही उभी राहिले. आमच्यात भावजय जेठाशी बोलत नाही.